हॉटेल-खानावळीचं सांडपाणी ड्रेनेजला सोडताना: काय चालतं, काय चालत नाही आणि कामं कोणत्या क्रमानं करायची

हॉटेल, खानावळ, मिठाईचं दुकान किंवा क्लाउड किचन सुरू करताना ड्रेनेजचं काम बहुतेक जण अगदी शेवटी काढतात. ओटे होतात, फरशी बसते, सिंक लागतात आणि उद्घाटन तोंडावर आल्यावर प्लंबर सगळे पाइप एकत्र करून जवळच्या चेंबरला जोडून मोकळा होतो. पुढे लाइन तुंबते, शेजारी तक्रार करतात, नोटीस येते. मग ग्रीस ट्रॅपची, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणाऱ्या टाकीची, शोधाशोध सुरू होते आणि तो बसवायला जागाच उरलेली नसते.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. पाणी एकमेकांत मिसळण्याआधी वेगळं करा, मग स्वच्छ करा, मग जोडा. संडासाचं, भांड्यांच्या मोरीचं आणि पावसाचं पाणी एकदा एका चेंबरमध्ये एकत्र झालं की त्यातून तेल वेगळं काढणं छोट्या व्यवसायाला परवडत नाही. मुख्य भर स्वयंपाकघरावर आहे; गॅरेज, लॉन्ड्री, दवाखाना आणि सराफी कामाबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी आकडे समजून घ्या

पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ च्या अनुसूची ६ मध्ये सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. स्वयंपाकघराच्या दृष्टीनं महत्त्वाच्या पाच, सगळ्या मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, पीएच सोडून:

- पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप: ५.५ ते ९
- तेल आणि ग्रीस: २०
- सस्पेंडेड सॉलिड्स, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारा बारीक गाळ: ६००
- बीओडी, २७ अंश सेल्सिअसला ३ दिवसांची चाचणी: ३५०
- अमोनियाकल नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन: ५०

यातला तेलाचा आकडा सर्वांत जास्त वेळा चुकतो. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९०० ग्रॅम, म्हणजे ९ लाख मिलिग्रॅम. ते २० च्या मर्यादेत बसवायचं तर ४५,००० लिटर पाणी लागेल, दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. दिवसाकाठी कढईतलं, तव्यावरचं आणि ताटांवरचं मिळून एक लिटर तेल मोरीत जाणं अगदी सहज घडतं. त्यामुळे ‘आम्ही भरपूर पाणी सोडतो’ हे उत्तर टिकत नाही. पाणी वाढवलं तरी तेल तेवढंच राहतं आणि पुढच्या पाइपात थंड होऊन चिकटतं.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो ऑक्सिजन खातात त्याचं माप. इथे मिठाईवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. दूध फाडून पनीर किंवा छेना काढल्यावर जे पिवळसर पाणी उरतं, त्याचा बीओडी ३०,००० ते ५०,००० पर्यंत असतो. दिसायला निवळ, पण मर्यादेच्या शंभरपट.

टप्पा १: तुमचं पाणी नक्की कुठे जातं ते शोधा

दुकानासमोरचं गटार आणि रस्त्याखालची मलवाहिनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरचं झाकणाचं गटार बहुतेक ठिकाणी पावसाळी असतं. ते थेट नाल्याला आणि तिथून नदीला किंवा खाडीला मिळतं, वाटेत कुठेही शुद्धीकरण होत नाही. स्वयंपाकघराचं पाणी त्यात सोडायला कोणत्याही परिस्थितीत परवानगी नाही. तरीही जुन्या पेठांमध्ये आणि महामार्गालगतच्या गाळ्यांमध्ये हीच चूक सर्वांत जास्त दिसते, कारण ते गटार जवळ असतं आणि उतारही मिळतो.

घरमालक किंवा आधीचा भाडेकरू काय सांगतो त्यावर विसंबू नका. रंगाची परीक्षा करा. सकाळी काम सुरू होण्याआधी बादलीभर पाण्यात खाण्याचा गडद हिरवा रंग घाला (पिवळा नको, तो सांडपाण्यात दिसत नाही), बादली सिंकमध्ये ओता आणि मागून दहा मिनिटं नळ चालू ठेवा. एका माणसाला तुमच्या हद्दीतल्या शेवटच्या चेंबरपाशी उभं करा, दुसऱ्याला समोरच्या पावसाळी गटाराच्या जाळीपाशी. रंग जिथे दिसेल तिथे तुमचं पाणी जातं. संडास, बेसिन आणि मोरी यांची परीक्षा वेगवेगळी करा. एका लाइनचं उत्तर दुसऱ्या लाइनला लागू होईलच असं नाही.

इशारा: चेंबरचं झाकण उघडल्यावर लगेच त्यावर वाकू नका आणि जवळ विडी-काडी पेटवू नका. आत साठलेला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका.

दुसरा प्रश्न असा की, ही मलवाहिनी पुढे कोणत्या मैलाशुद्धीकरण केंद्राला जाते? वर दिलेल्या मर्यादा लागू होतात त्या मलवाहिनी जैविक प्रक्रिया असलेल्या केंद्राला जात असेल तेव्हाच. जात नसेल, तर तुमचं पाणी नदी-नाल्यात सोडलेलं धरलं जातं. तिथे सर्वसाधारण मर्यादा पुष्कळ कडक आहेत: बीओडी ३०, गाळ १००, तेल-ग्रीस १०. हॉटेल उद्योगासाठी वेगळे मापदंडही आहेत, त्यामुळे शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात (टप्पा ३ बघा) छापलेला आकडा तुम्हाला बांधील.

वॉर्डाच्या ड्रेनेज विभागाला साध्या अर्जानं विचारा: ‘अमुक पत्त्यासमोरील मलवाहिनी कोणत्या शुद्धीकरण केंद्रास जोडलेली आहे?’ उत्तर लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अशा केंद्रातलं पाणी पुन्हा कामाला येतं: नागपुरात भांडेवाडीच्या केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. अशा केंद्रात तेलाचा तवंग पोचला की टाकीतल्या जिवाणूंना मिळणारा ऑक्सिजन कमी होतो आणि सगळ्या शहराच्या पाण्याची प्रक्रिया ढिली पडते. तेलाची मर्यादा इतकी खाली ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

तुमच्याकडे मलवाहिनीच नसेल आणि सेप्टिक टँक असेल, तर स्वयंपाकघराचं तेलकट पाणी त्यात सोडू नका. शोषखड्ड्याची माती ग्रीसनं बंद होते आणि तो पुन्हा मोकळा होत नाही.

टप्पा २: पाण्याचे प्रवाह कागदावर मांडा

जागेचा साधा नकाशा काढा. जिथे जिथे पाणी खाली पडतं ती प्रत्येक जागा त्यावर खूण करा: प्रत्येक सिंक, मोरी, नहाणी ट्रॅप, फ्रीजची नळी, एसीची नळी, आरओचं वाया जाणारं पाणी, पत्र्याची पन्हळ. मग प्रत्येक खुणेला चारपैकी एक गट द्या.

१. संडास, मुतारी आणि ग्राहकांचं हात धुवायचं बेसिन. हे सरळ मलवाहिनीला जातं. ग्रीस ट्रॅपमधून मुळीच नाही.

२. भांड्यांची मोरी, पातेली धुवायचं सिंक, डिशवॉशर, तंदूर-तव्याभोवतीच्या फरशीचा ट्रॅप. हे सगळं ग्रीस ट्रॅपमधून.

३. आरओ, एसी, बर्फाचं मशीन. हे पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. फरशी पुसायला किंवा फ्लशला वापरा. ग्रीस ट्रॅपमध्ये ते सोडलं तर सतत वाहणारी धार आतलं तेल शांतपणे वर येऊ देत नाही.

४. पत्रा, गच्ची, अंगण यांचं पावसाचं पाणी. हे फक्त पावसाळी गटाराला. मलवाहिनीला जोडलं की पहिल्या मोठ्या सरीत लाइन भरून उलटते, आणि ते मैलापाणी सर्वांत खालच्या मोरीतून वर येतं. ती मोरी बहुधा तुमचीच असते.

यापलीकडे एक पाचवा गट आहे, जो पाइपात जायलाच नको: तळणाचं वापरलेलं तेल, खरकटं, चहाचा चोथा, पनीरचं पाणी, उरलेला पाक, अॅसिड, रंग, थिनर. यांच्यासाठी वेगळे पिंप आणि डबे ठेवायची जागा आत्ताच नकाशावर दाखवा. जागा ठरलेली नसली की शेवटी सगळं मोरीत जातं.

सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र लावायचा सल्ला हल्ली काही किचन कंत्राटदार देतात. घेऊ नका. दळल्यानं खरकटं नाहीसं होत नाही. बीओडी आणि गाळ होऊन तेच पुढे जातं आणि ग्रीस ट्रॅप तळाशी भरून टाकतं.

तपासा: नकाशावरच्या गट १ आणि गट २ च्या रेषा ग्रीस ट्रॅपच्या आधी कुठेही एकमेकींना मिळत नाहीत ना? मिळत असतील तर पुढे जाऊ नका, इथेच दुरुस्त करा.

टप्पा ३: कागदपत्रं, खोदण्याआधी

दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात आणि एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं होत नाही.

पहिली महापालिकेची किंवा नगरपरिषदेची: मलवाहिनीला जोडणी, आणि रस्ता खोदावा लागणार असेल तर त्याचीही. काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या, त्याची सही असलेला नकाशा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवा. सोसायटीतल्या गाळ्याची लाइन बहुधा सोसायटीच्या चेंबरमधून जाते. तिथे सोसायटीचं पत्र हवं. भाड्याच्या जागेत करारात स्पष्ट लिहून घ्या की ग्रीस ट्रॅप कोण बांधणार, कोण उपसणार आणि लाइन तुंबली तर खर्च कोणाचा. हा मुद्दा तोंडी ठेवला की वाद ठरलेला.

दुसरी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा, १९७४ चं कलम २५ नदी, विहीर, मलवाहिनी किंवा जमीन यांपैकी कुठेही व्यवसायाचं सांडपाणी सोडायचं असेल तर मंडळाची आधी संमती घ्यायला सांगतं. नुसतं ‘आम्ही नाल्यात सोडत नाही, ड्रेनेजला सोडतो’ म्हणून सुटका होत नाही. व्यवसायांची प्रदूषणाच्या क्षमतेनुसार लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा रंगांच्या वर्गांत विभागणी केलेली असते आणि तिच्यात वेळोवेळी बदल होतात. दुसऱ्याचा जुना अर्ज नक्कल करण्याऐवजी मंडळाच्या चालू यादीत तुमचा व्यवसाय आणि आकार बघा. गोव्यात हेच काम गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

अर्जात रोजच्या सांडपाण्याचा आकडा भरताना कमी लिहायचा मोह होतो. तो आवरा. पाण्याचं बिल, टँकरच्या पावत्या आणि तुमचा आकडा यांचा मेळ कधी ना कधी घातला जातो. कलम ३३अ खाली मंडळ व्यवसाय बंद करण्याचे, वीज किंवा पाणी तोडण्याचे आदेश देऊ शकतं.

टप्पा ४: ग्रीस ट्रॅप

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

*किती मोठा हवा*

बाजारात सिंकखाली बसणारे स्टीलचे छोटे डबे मिळतात. गरम पाण्याची एक बादली ओतली की त्यातलं सगळं पाणी आणि साठलेलं तेल पुढे ढकललं जातं. चहा-नाश्त्याच्या टपरीला ते चालून जातील, रोज ताटं वाढणाऱ्या खानावळीला नाही.

माप असं काढा. सर्वांत गर्दीच्या तासात टाकीचा भरणा बंद करा आणि मोरीच्या नळांनी टाकीतली पातळी किती उतरली ते मोजा. समजा त्या तासात ५०० लिटर लागले. तेल वर यायला आणि गाळ खाली बसायला अर्धा तास हवा, म्हणजे २५० लिटर. त्यात साठणाऱ्या तेलासाठी आणि गाळासाठी एक तृतीयांश वाढवा: साधारण ३३५ लिटर. १२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि आत ५० सेंटीमीटर पाणी राहील अशी टाकी ३६० लिटरची होते. ती घ्या. झाकणापर्यंत वर आणखी वीसेक सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा.

नवीन व्यवसायाला मोजायला गर्दीच नसते. अशा वेळी तुमच्याएवढी ताटं वाढणाऱ्या ओळखीच्या खानावळीत हे माप घ्या.

*आत काय असतं*

आधी जाळीचा कप्पा. यातली जाळी हातानं उचलता यायला हवी, नाहीतर ती कोणी साफ करत नाही. मग मोठा कप्पा, जिथे तेल वर तरंगतं. मधल्या भिंतीची वाट तळाकडून ठेवायची, वरून नाही. शेवटी बाहेर जाणारा पाइप टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावून खाली सोडलेला असतो: ५० सेंटीमीटर पाण्यात त्याचं तोंड साधारण ३३ सेंटीमीटर खाली, म्हणजे तळापासून १७ वर. तेल वर राहतं, गाळ खाली, आणि मधलं पाणी तेवढं बाहेर जातं. टीचं वरचं तोंड उघडं ठेवा. ते बंद केलं तर पाणी खेचलं जाऊन तेलही सोबत ओढलं जातं.

हा टी काढून टाकलेला मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की पाहणीला गेल्यावर पहिला हात तिथेच घालतो. साफ करताना अडतो म्हणून कामगार तो उपटतात आणि परत बसवत नाहीत. टी नसलेला ग्रीस ट्रॅप म्हणजे नुसती टाकी. वरचा तेलाचा थर सरळ ड्रेनेजला जातो. टी स्क्रूच्या जोडणीचा घ्या, म्हणजे काढून परत लावता येईल.

*कुठे बसवायचा*

मोरीच्या जवळ, पण भाजी चिरायच्या आणि पीठ मळायच्या जागेपासून दूर. झाकण पूर्ण उघडता आलं पाहिजे. त्यावर फ्रीज, गॅस सिलिंडर किंवा कांद्याची पोती येणार असतील तर ती जागा चुकली.

तपासा: टाकीत स्वच्छ पाणी भरा, मोरीचे सगळे नळ एकदम सोडा. बाहेरचा पाइप पाणी सुरळीत घेतो का, आतली पातळी वाढत जात नाही ना? मग कपभर तेल जाळीच्या कप्प्यात ओता आणि पाणी चालू ठेवा. अर्ध्या तासानं पुढच्या चेंबरमध्ये तवंग दिसता कामा नये.

टप्पा ५: पाइप आणि शेवटचा चेंबर

चार इंची पाइपाला दर मीटरला अडीच सेंटीमीटर उतार द्या. उतार कमी पडला की गाळ बसतो. प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक जोडावर चेंबर हवा. काटकोनातली वळणं जमिनीखाली पुरू नका. चेंबरच्या तळाला अर्धगोल चॅनेल करून दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार काढा. सपाट तळाच्या चेंबरमध्ये भाताची शितं साठून आठवड्यात आंबतात.

ग्रीस ट्रॅप संपल्यावर, पण संडासाची लाइन मिळण्याआधी, एक छोटा वेगळा चेंबर ठेवा. नमुना इथून घ्यायचा. खर्च थोडा, पण तो नसेल तर पुढे कधीही सिद्ध करता येत नाही की तेल तुमच्या मोरीतलं आहे की सोसायटीच्या लाइनमधलं.

टप्पा ६: रोजचं काम

ग्रीस ट्रॅप शेवटचा पहारेकरी आहे. खरी बचत पाणी लागण्याआधी होते.

मिसळीच्या कटाचं पातेलं घ्या. कट संपला तरी कडेला लाल तर्रीचा जाड पट्टा आणि तळाला मसाल्याचा लगदा उरतो. बहुतेक ठिकाणी ते तसंच नळाखाली ढकलून वर गरम पाणी आणि साबण ओततात. त्याऐवजी पातेलं थोडं कोमट असतानाच रबरी पट्टीनं कडा वरून खाली ओढून घ्या, तळाचा लगदा खरकट्याच्या डब्यात काढा, उरलेला तेलकटपणा जुन्या वर्तमानपत्रानं पुसा. मग धुवा. पहिल्या पाण्याचा रंग बघितला की फरक कळतो: आधी लाल आणि तवंगाचं येणारं पाणी आता जेमतेम पिवळसर येतं. तूप आणि वनस्पती तुपाच्या भांड्यांना तर हे हवंच, कारण ते थंड पाइपात घट्ट होतात. मिठाईवाल्यांच्या लाइनी थंडीत जास्त तुंबतात त्या यामुळेच.

तळणाचं वापरलेलं तेल वेगळ्या बंद पिंपात. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमानुसार टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात वाढणारी संयुगं) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हे १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागत असेल तर त्याची नोंदवही ठेवणंही बंधनकारक आहे. हे तेल बायोडिझेलसाठी घेणारे अधिकृत संकलक आहेत आणि ते पैसे देतात. पनीरच्या पाण्यात पोळ्यांची किंवा पराठ्यांची कणीक मळता येते. उरलं तर जनावरं पाळणाऱ्याला द्या.

आठवड्यातून एकदा ग्रीस ट्रॅप मोजा. मीटरभर लांबीची पारदर्शक नळी सावकाश तळापर्यंत घाला, वरचं तोंड अंगठ्यानं बंद करा आणि उचला. नळीत तीन थर दिसतात: वर करडा-पांढरा तेलाचा, मध्ये गढूळ पाणी, खाली काळपट गाळ. वरचा आणि खालचा थर मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शापर्यंत आले, म्हणजे ५० सेंटीमीटरला साडेबारा, की त्याच दिवशी उपसा. तारीख आणि माप भिंतीवरच्या तक्त्यावर लिहा. महिन्याभरात तुमचा स्वतःचा अंतराचा नियम सापडेल.

उपसल्यावर टाकी स्वच्छ पाण्यानं परत भरा आणि मगच काम सुरू करा. हे बरेच जण विसरतात. रिकाम्या टाकीत पाणी टीच्या तोंडापर्यंत चढत असताना वरचा तेलाचा थरच आधी त्या तोंडाशी पोचतो आणि तोच बाहेर पडतो. उपसलेलं ग्रीस पुढच्या चेंबरमध्ये ओतू नका. पिंपात साठवून अधिकृत सक्शन टँकरवाल्याला द्या आणि तो कुठे रिकामं करणार हे पावतीवर लिहून घ्या.

इशारा: गरम पाणी, कॉस्टिक सोडा किंवा भरमसाट साबण ओतून ग्रीस ‘विरघळवू’ नका. ते विरघळून टीखालून निसटतं आणि पन्नास मीटर पुढे, जिथे तुमचा हात पोचत नाही, तिथे परत गोठतं. कॉस्टिकनं पीएच ९ च्या वर जातो ते वेगळंच. आणि संडासाचं अॅसिड व ब्लीचिंग पावडर एकाच वेळी कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

दुसऱ्या व्यवसायांसाठी थोडक्यात

गॅरेज आणि वॉशिंग सेंटर: आधी मातीचा गाळ बसवणारी टाकी, मग तेल वेगळं करणारी. जुनं इंजिन ऑइल हा घातक कचरा आहे, तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचा. पेट्रोल-डिझेलचा थेंबही ड्रेनेजला नको. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी मलवाहिन्यांत शिरलेल्या पेट्रोलचे स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली.

लॉन्ड्री: धाग्यांसाठी बारीक जाळी, पाणी थंड करायला टाकी, सोड्याच्या धुण्यानंतर पीएच तपासणी. ड्राय क्लीनिंगचं सॉल्व्हंट ड्रेनेजला कधीच नाही.

दवाखाने आणि लॅब: जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे रसायनांचं द्रव वेगळं गोळा करून, प्रक्रिया करूनच इतर सांडपाण्यात मिसळायचं.

सराफी, गिलीट आणि प्लेटिंग: मलवाहिनीसाठी सायनाइडची सर्वसाधारण मर्यादा २ मिलिग्रॅम प्रति लिटर, सहा संयुजी क्रोमियमची २. सायनाइडचं पाणी आणि तेजाबाचं पाणी एकाच पाइपात आलं तर हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो, जो काही श्वासांत जीव घेऊ शकतो. एकाच इमारतीत एक गाळा सायनाइड वापरतो आणि शेजारचा तेजाब, अशी परिस्थिती सराफ बाजारांत असते. दोघांनी बसून आपापल्या लाइनी कुठे मिळतात ते बघितलंच पाहिजे. इलेक्ट्रोप्लेटिंग लाल वर्गात येतं. संमती आणि प्रक्रिया यंत्रणेशिवाय एक बादलीही सोडू नका.

घराचं किंवा दुकानाचं नूतनीकरण: पीओपी, सिमेंटचं पाणी आणि फरशी पॉलिशची स्लरी पाइपात घट्ट बसते आणि मग पाइप फोडावाच लागतो. पिंपात निवळू द्या, गाळ राडारोड्यात टाका.

टप्पा ७: नमुना आणि अहवाल

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या, आणि मंडळाकडून माणूस यायच्या आधी स्वतःहून एकदा. नमुना टप्पा ५ मधल्या छोट्या चेंबरमधून, दुपारच्या भांड्यांच्या गर्दीत घ्यायचा. सकाळी सातला घेतलेला नमुना छान येतो आणि काहीच सांगत नाही.

तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची वेगळी बाटली लागते. ती त्याच पाण्यानं आधी विसळू नका आणि तिच्यातलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतू नका, कारण तेल काचेला चिकटून मागे राहतं. प्रयोगशाळा त्यात अॅसिडचे थेंब घालायला देते. बीओडीच्या बाटलीत मात्र अॅसिड नको. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

अहवालात तेल जास्त आणि गाळ ठीक असेल, तर टी किंवा उपसण्याचं अंतर तपासा. गाळ जास्त असेल तर जाळी फाटली आहे किंवा तळ भरला आहे. दोन्ही ठीक आणि फक्त बीओडी जास्त असेल, तर विरघळलेली गोष्ट शोधा: पनीरचं पाणी, पाक, भाताची पेज, ताक. ग्रीस ट्रॅप या गोष्टी अडवू शकत नाही. त्या मुळाशी थांबवूनही आकडा उतरला नाही, तर छोट्या प्रक्रिया यंत्रणेचा विचार करावा लागेल.

टप्पा ८: तरीही लाइन तुंबली तर

आधी पाणी बंद करा, सगळे नळ, डिशवॉशरसकट. मग तुमच्याकडून रस्त्याच्या दिशेनं एकेक चेंबर उघडत जा. भरलेल्या शेवटच्या आणि कोरड्या पहिल्या चेंबरच्या मध्ये अडथळा असतो. तो तुमच्या हद्दीत असेल तर जेटिंग मशीन (पाण्याच्या जोरदार झोतानं लाइन मोकळी करणारं यंत्र) बोलवा. हद्दीबाहेर असेल तर महापालिकेकडे तक्रार करून क्रमांक घ्या. रस्त्यावरचं झाकण स्वतः उघडू नका.

आणि कोणत्याही चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये किंवा मोठ्या ग्रीस ट्रॅपमध्ये माणूस उतरवू नका. ‘दोन मिनिटांचं काम आहे’, ‘तो नेहमी उतरतो’, ‘तोंडाला रुमाल बांधलाय’ यांपैकी काहीही कारण चालत नाही. हातानं मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार मलवाहिनी आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि कंत्राटदारामार्फत करून घेतली तरी तो गुन्हाच. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये केली. आत कोणी बेशुद्ध पडलं तर त्याला काढायला मागोमाग उतरू नका. एकापाठोपाठ माणसं जातात ती तिथेच. १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि श्वसनयंत्र घेऊन अग्निशमन दल येईपर्यंत बाकीच्यांना तोंडापासून दूर ठेवा.